धाराशिवची लांबी किती?

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव करायला हरकत नसल्याचे राज्याला कळवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या अधिसूचनेने जिल्ह्याचे आणि तालुक्याचेही नाव बदलले. वेशीवरचा फलक रंगवणे, शिक्के बदलणे, लेटरहेड नव्याने छापणे ही कामे डोळ्यांना दिसतात. न दिसणारे काम संगणकात असते. जमिनीच्या नोंदी, मतदारयाद्या, शाळेचे दाखले, बँकेतले पत्ते, जिथे जिथे हे नाव टंकलेले आहे तिथे ते शोधायचे, काढायचे आणि त्या जागी दुसरे बसवायचे. प्रणाली कोणतीही असो, हे काम तळाशी मूठभर फंक्शन्सच्या वाट्याला येते.

प्रोग्राम लिहिणारा माणूस प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही. भाषेबरोबर तयार फंक्शन्सचा एक संच येतो आणि प्रोग्राम चालू असताना तो त्याच्या पाठीशी उभा असतो. या संचाला रनटाइम लायब्ररी म्हणतात. मजकुराच्या तुकड्याला संगणकवाले स्ट्रिंग म्हणतात आणि लायब्ररीचा एक मोठा हिस्सा स्ट्रिंगसाठी राखलेला असतो. लांबी मोजा, नक्कल करा, दोन जोडा, दोघांची तुलना करा, एकीत दुसरी शोधा. सी भाषेसाठी ही यादी १९८९च्या मानकात पक्की झाली आणि पुढच्या बहुतेक भाषांनी तीच कामे आपापल्या नावांनी घेतली. यातले एकही फंक्शन मराठी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नव्हते. म्हणूनच एका मराठी जिल्ह्याचे नाव हातात घेऊन त्यांची परीक्षा पाहायला हवी.

सगळ्यात साध्या फंक्शनपासून सुरुवात करू. सीमध्ये त्याचे नाव ‘स्ट्रलेन’, काम लांबी सांगणे. त्याला ‘धाराशिव’ दिले की उत्तर येते २१. हाच प्रश्न पायथनला किंवा जावाला विचारला तर उत्तर ७. स्विफ्टला विचारला तर ४. आणि चौथीतली मुलगीही बोटांवर मोजून चारच सांगेल: धा, रा, शि, व.

तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. जमिनीचा आकडा सांगताना गुंठे, आर की एकर हे सांगितले नाही तर नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, तसेच इथे आहे. युनिकोड या जागतिक मानकात देवनागरीला १२८ घरे दिलेली आहेत, २३०४ पासून २४३१ पर्यंत. त्यात ‘ध’ला एक क्रमांक आहे, २३४३, आणि काना हा वेगळा क्रमांक आहे, २३६६. धाराशिव म्हणजे ध, काना, र, काना, श, वेलांटी, व असे सात क्रमांक. पायथन हे सात मोजते. हे क्रमांक साठवण्याची आज सर्वांत रुळलेली पद्धत यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२मध्ये आखली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन. ‘ध’ म्हणजे २२४, १६४, १६७ हे तीन बाइट. सात त्रिक एकवीस, म्हणून स्ट्रलेनचे उत्तर २१. तो अक्षरे मोजतच नाही, जागा मोजतो.

युनिकोडच्या आधी भारतीय लिपींसाठी आपले स्वतःचे मानक होते, इस्की. पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट प्रणाली त्यावर चालत असे. त्यात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट, म्हणजे धाराशिव सात बाइटांत मावत असे. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. जागा तिप्पट लागली, पण त्या बदल्यात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू एकाच फायलीत शेजारी बसू शकल्या. धाराशिवसारख्या सीमेवरच्या, निजामी दप्तर असलेल्या जिल्ह्याला हा सौदा फायद्याचाच आहे असे मला मनापासून वाटते.

जुने नाव मोजताना आणखी एक गंमत हाती लागते. ‘उस्मानाबाद’ म्हणजे दहा क्रमांक, तीस बाइट. वाचणाऱ्याची अक्षरे पाच: उ, स्मा, ना, बा, द. पण युनिकोडच्या नियमांनी अक्षरे तोडणारी साधने बरीच वर्षे सहा सांगत, कारण जोडाक्षर त्यांना एकसंध वाटत नसे. ती ‘स्’ आणि ‘मा’ वेगळे धरत. देवनागरी जोडाक्षर हे एकच एकक आहे हा नियम मूळ मानकात आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३मध्ये. ज्या महिन्यात जिल्ह्याचे जुने नाव शासकीय कागदावरून उतरले, त्याच महिन्यात ते नाव नीट मोजण्याचा नियम लिहिला गेला.

आता स्ट्रलेन आत काय करतो ते पाहू, कारण पुढच्या बऱ्याच संकटांचे मूळ तिथे आहे. सीमध्ये स्ट्रिंग कुठे सुरू होते एवढेच ठाऊक असते. ती संपली हे कळण्यासाठी शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवतात. स्ट्रलेन पहिल्या बाइटपासून एकेक पाऊल चालतो आणि शून्य भेटले की थांबतो. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत निवडली. लांबीचा आकडा सुरुवातीलाच लिहून ठेवायचा दुसरा मार्ग होता, पण एका बाइटात लिहिलेला आकडा २५५च्या पुढे जात नाही आणि ती मर्यादा त्यांना नको होती. त्या काळच्या यंत्रांवर हा निर्णय समंजस होता.

किंमत पुढे मोजावी लागली. नक्कल करणारे ‘स्ट्रकॉपी’ हे फंक्शन शून्य दिसेपर्यंत बाइट उचलून दुसऱ्या जागी ठेवत जाते. ती जागा पुरेशी आहे का हे ते विचारत नाही, कारण ते त्याला कुणी सांगितलेलेच नसते. जागा संपली तरी ते पुढे लिहीत राहते, शेजारच्या माहितीवर. ओळ वाचणारे ‘गेट्स’ हे फंक्शन याच जातीचे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रामने, जे मार्ग वापरले त्यात हाही होता: ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब ओळ ढकलायची आणि उरलेल्या बाइटांतून आपल्या आज्ञा घुसवायच्या. तेव्हाचे इंटरनेट त्याने कित्येक तास लुळे केले. तरी गेट्स मानकातून निघायला २०११ साल उजाडले.

दुरुस्तीच्या प्रयत्नांतही धाराशिवच्या दृष्टीने अर्धवटपणा राहिला. ‘स्ट्रएनकॉपी’ला किती बाइट घ्यायचे ते सांगता येते. पण हे फंक्शन मुळात सुरुवातीच्या युनिक्समधल्या १४ बाइटांच्या ठरावीक चौकटीत फाइलचे नाव भरण्यासाठी होते. जागा पूर्ण भरली तर ते शेवटचे शून्य ठेवतच नाही. समजा एखाद्या जुन्या तक्त्यात गावाच्या नावासाठी वीस बाइटांचा रकाना आहे. रोमन लिपीत वीस अक्षरे म्हणजे ऐसपैस. आपले नाव एकवीस बाइटांचे. एकाच बाइटाने ते बाहेर पडते, आणि तो बाइट ‘व’च्या पोटातला असतो. स्ट्रएनकॉपी ‘धाराशि’ आणि ‘व’चे दोन बाइट लिहून मोकळे होते. पडद्यावर शेवटी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह येते, आणि शून्य नसल्यामुळे पुढच्या रकान्यातला मजकूरही नावाला चिकटून येऊ शकतो.

१९९८मध्ये ओपनबीएसडी प्रणालीच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी ‘स्ट्रएलकॉपी’ लिहिले. ते शून्य ठेवल्याशिवाय राहत नाही, शिवाय मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत कळवते. वीसची जागा दिली आणि उत्तर एकवीस आले की काहीतरी कापले गेले हे प्रोग्रामला समजते. लिनक्सच्या मुख्य सी लायब्ररीने ते स्वीकारायला २०२३ उजाडले, पंचवीस वर्षांच्या वादानंतर. तरीही हे फंक्शन अक्षर वाचवत नाही, फक्त स्मृती वाचवते. अक्षर वाचवायचे तर कापलेल्या टोकापासून मागे यावे लागते. यूटीएफ-८मध्ये अक्षराच्या मधले बाइट १२८ ते १९१ याच किमतींचे असतात, त्यामुळे ते ओळखू येतात. तेवढे ओलांडून मागे आलात की क्रमांक अखंड राहतो. तेही पुरत नाही. पंधरा बाइटांवर नेमके कापले तर ‘धाराश’ उरते. प्रत्येक क्रमांक अखंड, पण वेलांटी गेली. म्हणून मराठी मजकूर कापताना बाइट नाही, क्रमांकही नाही, अक्षराची सीमाच पाहायला हवी.

स्ट्रिंग उलटी करून पाहिली की हा फरक डोळ्यांत भरतो. क्रमांकांचा क्रम उलटवला तर ‘धाराशिव’चे ‘विशाराध’ होते: वेलांटी ‘श’ला सोडून ‘व’ला जाऊन बिलगते, कारण ती साठवताना नेहमी व्यंजनाच्या मागे असते, डोळ्यांना पुढे दिसली तरी. अक्षरे उलटवली तर ‘वशिराधा’. बाइट उलटवले तर वाचण्याजोगे काहीच राहत नाही. उलटी स्ट्रिंग कार्यालयात कुणाला लागत नाही हे खरे, पण ज्या लायब्ररीला ‘वशिराधा’ जमते तिच्यावर मराठी मजकूर सोपवायला हरकत नाही.

आता मूळ काम, नाव बदलणे. रोमन लिपीत उस्मानाबाद आणि धाराशिव ही दोन्ही नावे नऊ-नऊ अक्षरांची आहेत. नऊ बाइटांवर नऊ बाइट लिहायचे, आजूबाजूचे काही हलत नाही. देवनागरीत तीस बाइट निघतात आणि एकवीस येतात. मध्ये नऊ बाइटांचे रिकामे पडते, म्हणून पुढचा सगळा मजकूर मागे सरकवावा लागतो. इथे सीची दोन जुळी फंक्शन्स आहेत. ‘मेमकॉपी’ची अट अशी की उचलायची जागा आणि ठेवायची जागा एकमेकींवर येता कामा नयेत. ‘मेममूव्ह’ अशा वेळीही मजकूर सांभाळते. सरकवण्याच्या कामात दोन्ही जागा एकमेकींवर येतातच, तेव्हा मेममूव्हच हवे. औरंगाबादच्या नावबदलाचे गणित उलटे आहे. तिथे चोवीस बाइटांच्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’चे एकोणपन्नास बाइट बसवायचे, आणि आधी जागा आहे की नाही ते तपासायचे. सीच्या मानक लायब्ररीत बदल करणारे एकसंध फंक्शन नाहीच. शोधणारे ‘स्ट्रस्ट्र’ आणि हलवणारी ही दोन यांतून ते बांधावे लागते. पायथनमध्ये ‘रिप्लेस’ एका ओळीत होते, म्हणून तिथे माणूस जास्त बेफिकीर राहतो.

आणि नाव शोधणे हेच तर खरे अवघड. स्ट्रस्ट्र बाइटांची रांग जुळते का एवढे पाहते. यूटीएफ-८ची रचना अशी आहे की एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या मधोमध सापडत नाहीत, तेवढ्यापुरते ते विश्वासार्ह आहे. पण शब्द कुठे संपतो ते त्याला माहीत नाही. ‘उस्मानाबाद’ शोधून ‘धाराशिव’ घाला अशी आज्ञा दिली की पशुसंवर्धनाच्या कागदावरची ‘उस्मानाबादी शेळी’ क्षणात ‘धाराशिवी शेळी’ होते. ही शेळी या जिल्ह्याची देशभर ओळख आहे, राष्ट्रीय नोंदीत ती याच नावाने आहे, आणि गावाचे नाव बदलल्याने जातीचे नाव बदललेले नाही. तसेच ‘उस्मानाबादेत’ या रूपाचे ‘धाराशिवेत’ होते, आणि असे कुणी मराठी माणूस बोलत नाही.

जिल्ह्यातली इतर नावे घेतली तर हा प्रश्न आणखी गडद होतो. आठ तालुक्यांपैकी एक भूम. नुसते ‘भूम’ शोधा, तर ‘भूमी अभिलेख’ आणि ‘भूमिहीन’ दोन्ही सापडतात, कारण ‘भूमी’च्या सुरुवातीला भ, दीर्घ उकार आणि म हेच तीन क्रमांक आहेत. वाशी शोधा, तर ‘प्रवाशी’ आणि ‘रहिवाशी’ हाती येतात, शिवाय नवी मुंबईतली वाशी वेगळीच. संत गोरोबाकाकांचे तेर, जे प्राचीन व्यापारात तगर म्हणून ठाऊक होते, ते शोधताना तेरणा नदी आणि तेरखेडा गावही जाळ्यात येतात. मग शब्दाची सीमा ओळखणाऱ्या रेगेक्सकडे, म्हणजे नमुना देऊन शोधण्याच्या साधनाकडे, धाव घ्यावीशी वाटते. पायथनसोबत येणारी रेगेक्स लायब्ररी मात्र काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भागच मानत नाही. तिच्या मते ‘भूमी’तला ‘म’ संपला की शब्द संपला. सीमा मागितली तरी ‘भूमी’ सापडतेच.

आणि सीमा अगदी अचूक मिळाली तरी मराठी प्रत्यय आडवे येतात. ‘भूमला’, ‘भूमच्या’, ‘वाशीहून’ ही रूपे आपल्याला हवी आहेत, पण पूर्ण शब्द शोधणारा शोध ती टाकून देईल. तुळजापूरचे तर मूळच बदलते. ‘तुळजापूर’ शोधणाऱ्याला ‘तुळजापुरात’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागताच पू ऱ्हस्व झाला आणि एक क्रमांक बदलला. परंड्याचा किल्ला ‘परंडा’ शोधून मिळत नाही, उमरग्याची गाडी ‘उमरगा’ शोधून मिळत नाही. कोणतीही लायब्ररी हे आपणहून करून देणार नाही. सामान्यरूपाचे नियम कुणीतरी मराठी जाणणाऱ्यानेच लिहून तिच्या हाती द्यायला हवेत, आणि हे काम प्रोग्रामरांइतकेच व्याकरण शिकवणाऱ्यांचे आहे.

लोहाऱ्यात आणखी एक खाच आहे. ‘लोहाऱ्याला’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ तीन प्रकारे टंकला जातो. कुणी खास ‘ऱ’ हा २३५३ क्रमांक वापरतो. कुणाच्या फायलीत साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन क्रमांक येतात. कुणी साधा र, हलन्त चिन्ह आणि मग न दिसणारे एक जोडचिन्ह देतो. पडद्यावर तिन्ही शब्द सारखे. तुलना करणारे ‘स्ट्रकंप’ मात्र तिन्ही वेगळे ठरवते, कारण बाइट वेगळे आहेत. युनिकोडने यावर प्रमाणीकरणाचा उपाय दिला आहे. तो पहिल्या दोघांना एकरूप करतो, तिसऱ्याला हात लावत नाही. तिसऱ्यासाठी आपल्यालाच वेगळा नियम लिहावा लागतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ज्या राज्यात शासनाच्या इतक्या कागदांवर असतो, तिथे ही बारीक गोष्ट नाही. ‘ॲप’चेही तसेच: स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्याआधीची सवय ‘अ’वर चंद्र काढण्याची, आणि प्रमाणीकरण त्या दोघांना एक मानत नाही. मजकूर साठवण्याआधीच एकसारखा करून घेणे हा यावरचा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. शोधताना दुरुस्ती करू म्हणणारे पुढे फार कष्ट घेतात.

अनुक्रम लावण्याबद्दल थोडक्यात. स्ट्रकंप युनिकोडच्या क्रमांकांनी क्रम लावते. जुन्या नावाने उस्मानाबाद तालुका उमरग्यानंतर दुसरा येत असे. नव्या नावाने यादी उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव अशी होते, म्हणजे तो चौथा. इथपर्यंत ठीक, कारण आठही तालुक्यांची आद्याक्षरे आता वेगळी आहेत. पण गावांच्या यादीत उतरलो की ‘ळ’ अडतो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून स्ट्रकंप ‘कळंब’ला ‘कसबे तडवळे’च्या आधी ठेवते, वर्णमाला शिकलेला माणूस नंतर ठेवील. भाषेचे नियम पाहून तुलना करणारे ‘स्ट्रकोल’ हे फंक्शन सीमध्ये आहे. भाषा कोणती ते आधी सांगितले नाही तर तेही स्ट्रकंपसारखेच वागते.

या सगळ्या कटकटींमुळे जाणते लोक नावावर भिस्त ठेवत नाहीत. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२५ आहे, गाडीच्या पाटीवर तो २५. नाव बदलले तरी जुनी नोंद क्रमांकाने सापडते, कळंब धाराशिवचे की यवतमाळचे हा घोळ होत नाही, आणि शेळीला धक्का लागत नाही. नाव एकाच तक्त्यात, एकाच ठिकाणी ठेवायचे, बाकी सर्वत्र क्रमांक. २०२३मध्ये ज्यांची मांडणी अशी होती त्यांना एकच ओळ बदलावी लागली असणार.

फक्त तो क्रमांक कसा टंकला आहे ते पाहायला हवे. मजकुरातून संख्या काढणारे सीचे ‘एटूआय’ हे फंक्शन इंग्रजी आकडेच ओळखते. त्याला देवनागरीतले ‘५२५’ दिले की ते पहिल्याच बाइटाशी थांबते आणि शून्य परत देते, कुठलीही तक्रार न करता. खऱ्या शून्यात आणि या शून्यात फरक कळत नाही. त्याचे थोरले भावंड ‘स्ट्रटूएल’ वाचन कुठे थांबले तेही सांगते. सुरुवातीलाच थांबले असेल तर काहीच वाचले गेले नाही हे त्यावरून समजते. पायथन आणि जावा देवनागरी आकडे थेट ५२५ म्हणून वाचतात, जावास्क्रिप्ट ही संख्याच नाही असे उत्तर देते. सीमध्ये उपाय हाताने करावा लागतो, पण तो सोपा आहे: देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, पाचचा २४११. प्रत्येक आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. गट क्रमांक, खाते क्रमांक आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र मराठी आकड्यांत लिहून देणाऱ्या माणसाला इंग्रजी आकडे वापरा असे सांगण्याऐवजी ही एक वजाबाकी प्रोग्रामात घालावी.